मोहरी कुठे आहे?



किचनवरचा लेख पाहून काहीजण म्हणतील, हिला दुसरा विषय सुचला नाही का? कॅबिनेटं आणि ड्रॉवर हा रविवारच्या पुरवणीचा मामला. पण जरा हिशोब करा. गेल्या दहा-बारा वर्षांत न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या निदान पंधरा घरांनी जुनं किचन मोडून नवं केलं, आणि माझ्या माहितीत त्यातलं एकही तीस हजार डॉलरच्या आत झालेलं नाही. मुलांचं कॉलेज आणि घराचं डाउन पेमेंट सोडलं, तर एवढी रक्कम आपण एका दमात दुसऱ्या कशावर घालत नाही. आणि ती घालताना आपल्यापुढचे प्रश्न कोणते? पांढरं की करडं? क्वार्ट्झ की ग्रॅनाइट? आयलंड केवढं? जो प्रश्न पहिला विचारायला हवा, तो कोणीच विचारत नाही: इथे उभं कोण राहणार आहे?

नव्या किचनचं दर्शन तुम्हीही घेतलं असेल. जेवायला बोलावलेलं असतं, पण बूट काढले की आधी तिकडेच नेतात. यजमानीण ड्रॉवर ढकलते, तो शेवटच्या दोन इंचांत आपोआप हळू होऊन मिटतो आणि आपण "वा!" म्हणतो. यजमान कॅबिनेटखालचे दिवे मंद-प्रखर करून दाखवतो. मग पोळ्या गरम करायची वेळ होते आणि चित्र पूर्ण होतं. आयलंडच्या अलीकडे उंच स्टुलांवर पुरुष, हातात ग्लास. पलीकडे बायका, हातात उलथनं. मध्ये सात-आठ फुटांचा चकचकीत दगड. पूर्वी ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये निदान भिंत होती, त्यामुळे बायकांना पुरुषांचं राजकारणावरचं बोलणं ऐकत पोळ्या कराव्या लागत नसत.

हे मी हसत लिहिते आहे खरी, पण आमच्या घरचं चित्र याहून वेगळं नव्हतं. आयलंड नव्हतं, एवढाच फरक.

२०२३ च्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून मी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नवऱ्याला स्वयंपाक येत नाही अशातला भाग नाही. लग्नाआधी चार वर्षं ग्रॅड स्कूलमध्ये त्याने स्वतःच्या हाताने रांधून खाल्लं आहे, रूममेट्सना खाऊ घातलं आहे. त्याच्या हातच्या मुगाच्या खिचडीची त्या काळातले मित्र अजून आठवण काढतात. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी तो बाह्या सरसावून किचनमध्ये गेला आणि मी सोफ्यावर उशीवर हात ठेवून निवांत बसले. दोन मिनिटांनी आवाज आला, "मोहरी कुठे आहे?"

"स्टोव्हच्या उजवीकडच्या कॅबिनेटमध्ये, दुसऱ्या फळीवर, मागे. बोर्नव्हिटाच्या बाटलीत."

"बोर्नव्हिटाच्या बाटलीत ओवा आहे."

"ती नव्हे. जुनी बाटली. निळ्या झाकणाची."

"निळ्या झाकणाच्या दोन आहेत."

तोवर तेल धुरावलं आणि स्मोक अलार्म वाजला. त्या एका तासात त्याने मला सतरा प्रश्न विचारले. आकडा मुलाने मोजलेला आहे, त्याला तेव्हा या सगळ्याची फार गंमत वाटत होती. उडदाची डाळ कोणती आणि सोललेल्या मुगाची कोणती, गोडा मसाला कोणता आणि कांदा-लसूण मसाला कोणता, कुकरची शिट्टी कुठे काढून ठेवतेस? चौथ्या दिवशी पिझ्झा आला. सहाव्या दिवशी मी डाव्या हाताने फोडणी केली आणि हाताला चटका बसला.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते, की एखाद्या सिस्टिमची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर तो माणूस हुशार नव्हे, धोक्याचा. घरी मी नेमकी तीच सिस्टिम उभी केली होती. कॅबिनेटच्या दारांमागे, बाटल्यांमागच्या बाटल्यांत आमच्या घराचं सगळं खाणं होतं आणि त्याचा नकाशा एका ठिकाणी होता, माझ्या डोक्यात. आणि आता इथे खरं बोलायला हवं. सोफ्यावर बसून त्या सतरा प्रश्नांनी मी वैतागले होते, पण आतून कुठेतरी बरंही वाटत होतं. बघा, माझ्यावाचून कसं अडतं!

भारत सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायकांचं प्रमाण ८१ टक्के निघालं आणि पुरुषांचं २६ टक्के. जे हात लावतात त्यांच्यात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. आपण म्हणू, ही तिकडची गोष्ट, आपण तर दोघंही नोकरी करतो, डिशवॉशर आहे, नवरा कचरा बाहेर ठेवतो, बार्बेक्यू करतो. मला वाटतं, आपल्या घरांतली असमानता मिनिटांत पुरती सापडत नाही. ती सापडते "मोहरी कुठे आहे?" या प्रश्नात. घरातलं काय संपलंय, काय उरलंय, कुठल्या डब्यात काय आहे, हे लक्षात ठेवणं हे काम आहे. त्याची मिनिटं मोजता येत नाहीत, कारण ते मीटिंगमध्येही चालूच असतं.

मनगट बरं झाल्यावर किचन नव्याने करायचं ठरलं. पैसे आधीच बाजूला ठेवलेले होते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि आधी आईचं स्वयंपाकघर आठवलं.

पुण्यात नारायण पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या. स्वयंपाकघर दहा बाय आठ. भिंतीवर लोखंडी मांडणी, तीत उभी लावलेली ताटं, खाली वाट्या-पेले, त्याखाली कडप्प्याच्या फळीवर पितळेचे डबे, मोठ्याकडून लहानाकडे. वर शिंकाळं, कोपऱ्यात पाण्याचा हंडा. कॅबिनेट नाही, दार नाही, कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूमागे नाही. मी सहा वर्षांची असताना मला तांदूळ, तुरीची डाळ, पोहे, साखर कुठे आहे ते डोळे मिटून सांगता यायचं. आजचे डिझायनर ज्याला 'ओपन शेल्व्हिंग' म्हणून वर पैसे लावतात, ते आमच्याकडे दारं परवडत नाहीत म्हणून होतं. साठवणुकीची इतकी समंजस रचना मी नंतर कुठल्या मासिकात पाहिली नाही.

आणि तरीही माझे वडील आणि काका त्या मांडणीसमोर पाट मांडून वीस वर्षं जेवले. मोहरीचा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दोघांनीही कधी फोडणी केली नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ड्रॉवर बदलले की नवरे बदलतात असं सांगणारा लेख मला लिहायचा नाही. लाकडाला एवढी शक्ती नसते. पण उलट बाजू मला नक्की खरी वाटते: ज्याची करायची तयारी आहे, त्यालाही वाईट रचना हाकलून लावते. माझा नवरा लग्नाआधी रांधत होता आणि लग्नानंतर थांबला, ते फक्त आळसाने नव्हे. दर वेळी त्याला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. हे त्याने मला प्लास्टरच्या काळात सांगितलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

अशा वेळी मला फ्रँकफर्टचं किचन आठवलं. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये किचनच्या इतिहासावर एक प्रदर्शन भरलं होतं, तुमच्यापैकीही काहीजण गेले असतील. तिथे एक अख्खं किचन आणून उभं केलं होतं. मार्गारेटे श्यूट-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी ते आखलं आणि जवळजवळ दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. आज आपण ज्याला 'फिटेड किचन' म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. म्हणजे मूळस्त्री. आकार साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. पण काय विचार केलेला! डाळ, तांदूळ, साखर यांसाठी अॅल्युमिनियमचे छोटे ड्रॉवर, प्रत्येकाला मूठ आणि पुढे निमुळतं तोंड, म्हणजे काढा आणि सरळ पातेल्यात ओता. प्रत्येकावर नाव कोरलेलं. पिठाचा ड्रॉवर ओकच्या लाकडाचा, कारण त्याने पिठाला किडे लागत नाहीत असा अनुभव. खाली फिरतं स्टूल, भिंतीला दुमडणारी इस्त्रीची फळी. बाईंचा हेतू स्वच्छ होता: कष्टकरी बाईचे पायपिटीचे तास वाचवायचे, म्हणजे तिला वाचायला, बाहेर पडायला वेळ मिळेल. पुढे नाझींविरुद्धच्या कामासाठी त्यांना १९४१ मध्ये अटक झाली आणि महायुद्ध संपेपर्यंत त्या तुरुंगात होत्या. २००० मध्ये, एकशेतीन वर्षांच्या व्हायला काही दिवस उरलेले असताना, त्या गेल्या. हे किचन आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत.

त्या किचनचा दोष मला प्रदर्शनात उभी असतानाच जाणवला होता, फक्त त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मी आणि नवरा दोघं दाराशी उभे होतो आणि आत एकच माणूस मावेल, हे दिसत होतं. १९७० नंतर स्त्रीवाद्यांनी या किचनवर हीच टीका केली: श्रम वाचवले, पण बाईला एकटीला डब्यात बंद केलं. नावं कोरलेले ड्रॉवर, पण ती वाचायला दुसरं कोणी आत येऊच शकत नाही!

एका मोठ्या दुकानातल्या डिझायनर मुलीने आमच्यासाठी कॉम्प्युटरवर आराखडा केला, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, मुख्य स्वयंपाक कोण करतं? नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मीही माझ्याकडेच बोट दाखवलं. तिने ते नोंदवून घेतलं आणि एका माणसाचं किचन काढून दिलं. सिंक, स्टोव्ह, फ्रिज यांचा प्रसिद्ध त्रिकोण, ज्याच्या तीन बाजूंची बेरीज २६ फुटांपेक्षा जास्त नको. हा त्रिकोण १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या घरबांधणीच्या अभ्यासातून रुजला आणि त्यात गृहीत धरलेला माणूस एकच आहे. शिवाय मध्ये आयलंड. आमची खोली अकरा फूट रुंद. एका बाजूचा ओटा आणि तीस इंचांचं आयलंड वजा जाता दोन्हीकडे जेमतेम ३८ इंच उरत होते. इथल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची शिफारस आहे, एकटा स्वयंपाक करणारा असेल तर ओट्यांमध्ये ४२ इंच, दोघं असतील तर ४८. म्हणजे आयलंड घेतलं असतं तर एकाच माणसालाही अडचण, आणि दुसऱ्याला प्रवेश बंद.

आम्ही आयलंड रद्द केलं. घर विकताना किंमत येणार नाही, असं तीन मित्रांनी आणि एका एजंटने सांगितलं. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या आवडीचं किचन करून त्यात आपण वीस वर्षं पाहुण्यासारखं राहायचं, ही इथली रीत मला अजून कळलेली नाही.

मग उंचीचं पाहिलं. इथला ओटा ३६ इंचांचा, तो जणू देवाने घालून दिलेला. मी पाच फूट एक इंच. उभी राहिले की माझं कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर येतं. म्हणजे कणीक मळायला, पोळी लाटायला मी वीस वर्षं खांदे उचलून उभी होते, आणि खांदेदुखीचा दोष कॉम्प्युटरला देत होते. आम्ही डायनिंग टेबलावर पुस्तकं रचून पोळपाट ठेवून पाहिला आणि ३१ इंचांवर हात सैल पडला. ओट्याचा शेवटचा चार फुटांचा तुकडा तेवढ्या उंचीवर केला. मुलगा सहा फुटांच्या जवळ पोचलाय, त्याला ३६ सुद्धा बुटका वाटतो. कॉन्ट्रॅक्टरने विचारलं, दोन उंच्या कशाला? म्हटलं, घरात दोन मापांची माणसं आहेत.

जागेचा खरा शोध मात्र आराखड्यात लागला नाही. तो लागला कॅबिनेटं रिकामी केली तेव्हा. सगळं हॉलमध्ये जमिनीवर मांडलं. स्टीलचे डबे ४३. कुकर तीन, त्यातला एक १९९८ मध्ये बॅगेत घालून आणलेला, गास्केट नाही. इडलीची भांडी दोन. पुरणयंत्र, सोऱ्या, पाच किसण्या. दह्याचे आणि श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे रिकामे डबे एकशे सव्वीस, झाकणं ऐंशी. पाहुण्यांच्या हाती भाजी द्यायला लागतात म्हणून ठेवलेले. एवढे पाहुणे आमच्याकडे उभ्या आयुष्यात आले नसतील! गरिबी मनातून जायला एक पिढी लागते, हे मला मान्य आहे, पण त्या पिढीला आपण चौरस फुटाला किती डॉलर देतो आहोत, तेही पाहायला हवं. निम्म्या वस्तू गेल्या आणि भिंत पाडण्याचा बेत आपोआप रद्द झाला. भिंत पाडणं, गॅसची लाइन हलवणं, टाउनशिपचं परमिट, हे सगळं वाचलं.

उरलेल्या वस्तूंसाठी एकच नियम केला: एकामागे एक काही ठेवायचं नाही. इथली खालची कॅबिनेटं २४ इंच खोल असतात. दार उघडून गुडघ्यांवर बसल्याशिवाय मागचं काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण पुन्हा विकत आणतो. आमच्याकडे हिंगाच्या सात डब्या निघाल्या, आणि मागे विसरलेल्या बेसनात अळ्या. हा किडा इथे 'इंडियन मील मॉथ' म्हणून ओळखला जातो. नाव वाचून रागावू नका, आपला संबंध नाही. मक्याच्या पिठाला पूर्वी इथे 'इंडियन मील' म्हणत, त्यावरून ते पडलं. तर खाली सगळीकडे दारांऐवजी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर केले. वीस पौंडांची तांदळाची आणि कणकेची पोती ज्यात ठेवायची, त्या ड्रॉवरला शंभर पौंड पेलणाऱ्या पट्ट्या. समोरच्या भिंतीला फक्त दहा इंच खोल, नऊ फूट लांब फळ्या, एका ओळीत एक डबा, दार नाही. आईची मांडणीच, फक्त कडप्प्याऐवजी प्लायवुड. वरची कॅबिनेटं कमी केली. ३६ इंचांचा ओटा, वर १८ इंच मोकळे, मग ३० इंचांचं कॅबिनेट, म्हणजे ८४ इंच झाले. वरच्या फळीवरचं काढायला मला स्टूल लागतं, आणि आपण सगळे पन्नाशी-साठीच्या आसपास आहोत. एक मनगट पुरे.

ओट्यावरचा दगड हा वेगळाच विषय निघाला. सगळ्यांनी क्वार्ट्झ सांगितला होता. क्वार्ट्झ म्हणजे खाणीतला दगड नव्हे, भुकटी आणि रेझिन दाबून कारखान्यात केलेली लादी. तिच्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असू शकतं, ग्रॅनाइटमध्ये साधारण निम्म्याहून कमी. ही लादी पाणी न वापरता कापली की उडणारी धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उपाय नाही, फार तर फुप्फुस बदलायचं. २०२३ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशा ५२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यातले ५१ लॅटिनो स्थलांतरित, मध्यक वय ४५, आणि तोवर १० जण दगावलेले. कॅलिफोर्नियाने त्याच डिसेंबरमध्ये तातडीचे नियम केले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा दगड वापरण्यावरच बंदी घातली. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांबद्दल आपण पूर्वी वाचलेलं आहे, हळहळलेलो आहोत. इथे तेच माझ्या ओट्यासाठी, पंचेचाळिशीतल्या एखाद्या स्थलांतरित माणसाच्या छातीत. दुकानात मी विचारलं, लादी कापतात कुठे, ओली कापतात का, मास्क कोणता? विक्रेत्याने मला नवे रंग दाखवले. आम्ही लॅमिनेट घेतलं, पुण्यात ज्याला आपण सनमायका म्हणायचो ते. खर्च एक-पंचमांशावर आला आणि ते पैसे ड्रॉवरच्या पट्ट्यांत गेले. तुम्ही दगडच घेणार असाल तर घ्या, पण हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काम संपलं. आणि मग आमचं भांडण झालं.

मी एका कॉन्फरन्ससाठी चार दिवस बाहेर होते. परत आले तर नवऱ्याने आणि मुलाने सगळे ड्रॉवर लावून टाकले होते. मी लावले असते तर डाळी एकत्र, मसाले एकत्र, भांडी एकत्र, जसं आईने लावलं असतं तसं. यांनी वस्तूंच्या जातीप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावलं होतं. एक फोडणीचा ड्रॉवर: मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, तेल आणि छोटी कढई, सगळं स्टोव्हच्या उजव्या हाताला. एक चहाचा: चहा, साखर, वेलची, गाळणं, पातेलं. पोळ्यांचा ड्रॉवर बुटक्या ओट्याखाली: कणीक, पोळपाट, लाटणं, तूप. एक ऑफिसच्या डब्यांचा. आणि प्रत्येकावर चिठ्ठी, दोन लिप्यांत. मुलाला देवनागरी अडखळत येते, आणि सासूबाई दर उन्हाळ्यात येतात, त्यांना इंग्रजी येत नाही.

मी पाहिलं आणि घसा दाटून आला. आनंदाने नव्हे. रात्री सगळे झोपल्यावर खाली जाऊन मी हिंग आणि हळद बाहेर काढली आणि मसाल्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. दुसऱ्या रात्री तेल. तिसऱ्या सकाळी नवरा फोडणीच्या ड्रॉवरसमोर उभा राहून म्हणाला, "तुला हे किचन दोघांचं हवंय की नकोय, ते एकदा ठरव."

मी चिडले. तीस वर्षांचं माझं काम चार दिवसांत उलटंपालटं केलं, म्हणाले. मला न विचारता केलं, म्हणाले, आणि ते खरंही होतं. त्यांनी विचारायला हवं होतं. पण न विचारल्याचा राग अर्धाच होता. उरलेला अर्धा वेगळ्या गोष्टीचा होता: त्यांची रचना माझ्यापेक्षा चांगली होती, आणि तिला माझी गरज नव्हती. आपण बायका सभांमध्ये घरकामाच्या वाटणीवर तावातावाने बोलतो, मीही बोलले आहे. पण घरकामासोबत जी छोटीशी सत्ता येते, ती सोडताना काय वाटतं, यावर फारसं कोणी बोलत नाही. ज्या पिढ्यांना बँकेत, बाजारात, मुलाच्या लग्नात सुद्धा शब्द नव्हता, त्यांच्याकडे डब्यांच्या किल्ल्या तेवढ्या होत्या. मला पगार आहे, मत आहे, पासपोर्ट आहे. तरी माझी मूठ त्या बोर्नव्हिटाच्या बाटलीभोवती अजून आवळलेलीच होती.

हिंग आणि हळद मी परत ठेवली. तेल दोन आठवड्यांनी.

सगळं आलबेल आहे असं नाही. स्वयंपाकाचे वार ठरले आहेत, त्यातले निम्मे पाळले जातात. मुलगा पास्त्याच्या पुढे जायला तयार नाही, मात्र फोडणीचा ड्रॉवर त्याला पाठ आहे आणि वरणाला फोडणी तो झक्क देतो. सणाच्या स्वयंपाकाला अजूनही मीच पुढे असते. काय संपलंय ते आता फळीवर दिसतं, त्यामुळे पटेल ब्रदर्सची यादी फ्रिजवर लागते आणि ती कोणीही लिहितं. नवऱ्याने गेल्या महिन्यात यादीत 'कांदेपोहे' असं लिहिलं होतं, पोहे आणायचे म्हणून.

पाहायचं असेल तर कुठल्याही शनिवारी या. आयलंड नाही, दगड नाही, दाखवण्यासारखं फारसं काही नाही. चहा मात्र पाहुण्यांनी करायचा अशी आमच्याकडे पद्धत पडली आहे. ड्रॉवरवर नाव आहे, मला विचारू नका.